छातीतली नळी सांभाळताना: बाटलीत पाणी भरण्यापासून नळी काढेपर्यंत

पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं ठरलं की वॉर्डात कुणीतरी हमखास पुढे होतं आणि छातीच्या नळीला आर्टरी (नळी दाबून बंद करणारा चिमटा) लावून टाकतं. बाटली सांडू नये, छातीत हवा शिरू नये, हा हेतू चांगलाच असतो. पण फुप्फुसातून हवा गळत असेल, तर नळी बंद केल्यावरही ती गळायची थांबत नाही. तिची बाहेर जायची वाट तेवढी बंद होते. मग ती छातीतच साठते, फुप्फुस दाबते, हृदयाकडे परतणारं रक्त अडवते. ट्रॉली लिफ्टमध्ये असताना पेशंटचा श्वास अडतो आणि चादरीखालची आर्टरी कुणालाच दिसत नाही. आयसीडीच्या, म्हणजे छातीत साठलेली हवा, रक्त किंवा पाणी बाहेर काढणाऱ्या या नळीच्या पेशंटला होणारं बरंचसं नुकसान असं काळजीपोटीच होतं, म्हणून हा लेख.

वॉर्डातल्या सिस्टर, इंटर्न आणि नर्सिंगचे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहिलं आहे. नळी घालणं आणि काढणं हे प्रशिक्षित डॉक्टरांचं किंवा त्यांच्या देखरेखीखालचं काम. उदाहरण म्हणून अपघातात बरगड्या मोडून छातीत रक्त आणि हवा साठलेला प्रौढ पेशंट धरला आहे. लहान मुलांची मापं वेगळी असतात. एका बाजूचं संपूर्ण फुप्फुस काढलेल्या पेशंटच्या नळीचे नियम तर पूर्ण निराळे. तिथे ऑपरेशन केलेल्या सर्जनचा शब्द अंतिम.

## टप्पा १: नळी घालण्यापूर्वीची तयारी

आधी बाजू पक्की करा. एक्स-रे हातात घेऊन त्यावरचं नाव, तारीख आणि डाव्या-उजव्याची खूण वाचा, पेशंटची छाती दोन्ही बाजूंनी ऐका, मग त्वचेवर खूण करा. एक्स-रे उलटा लावल्यामुळे चांगल्या बाजूला नळी गेल्याच्या घटना घडतात. ही चूक टाळायला एक मिनिटही लागत नाही.

> थांबू नका: छातीत दाबाने हवा साठली आहे, बीपी कोसळतंय, मानेच्या शिरा फुगल्यात अशी शंका आली तर एक्स-रेची वाट पाहायची नसते. डॉक्टरांना तात्काळ बोलवा. सुईने हवा सोडण्याचा निर्णय ते जागेवर घेतील.

रक्त साठलेल्या पेशंटला नळी घालण्याआधी दोन जाड कॅन्युला आणि क्रॉसमॅचला पाठवलेलं रक्त हवं. नळीतून एकदम लिटरभर रक्त आल्यावर शीर शोधत बसायची वेळ येऊ नये. पेशंट स्थिर असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पाहा.

ट्रॉलीवर काय काढायचं ते प्रत्येक वॉर्डला ठाऊक असतं, पण नळीचा नंबर विचारायला लोक विसरतात. रक्तासाठी साधारण २८ ते ३२ नंबरची नळी लागते, कारण बारीक नळीत गुठळी अडकते. नुसत्या हवेला किंवा पातळ पाण्याला ८ ते १४ नंबरची नळीही बहुधा पुरते.

लिग्नोकेनचा हिशेब मोठ्याने बोलून करा. २ टक्के लिग्नोकेनच्या १ मिलीमध्ये २० मिलीग्रॅम औषध असतं. अ‍ॅड्रिनलिन नसलेल्या लिग्नोकेनची मर्यादा ३ मिलीग्रॅम प्रति किलो धरली, तर ६० किलोच्या माणसाला १८० मिलीग्रॅम, म्हणजे ९ मिली. भूल कमी पडेल असं वाटत असेल तर तेवढंच औषध सलाईनने निम्म्यावर पातळ करून १८ मिली वापरता येतं. नळी घालताना पेशंट ओरडत असेल, तर ते बहुतेक वेळा घाईचं लक्षण असतं. भूल चढायला दोन-तीन मिनिटं द्यायलाच हवीत.

## टप्पा २: बाटली आधी, चीर नंतर

नळी छातीत गेल्यावर बाटलीची शोधाशोध सुरू होते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. क्रम उलटा हवा. त्वचेला चीर देण्याआधी बाटली भरून, जोडून, तपासून तयार असली पाहिजे.

१. निर्जंतुक पाणी किंवा सलाईन भरा. लांब नळीचं टोक पाण्याखाली २ सेंमी बुडायला हवं. टोक वर राहिलं तर सील (हवा बाहेर जाऊ देणारा, पण परत आत न येऊ देणारा पाण्याचा अडसर) नाही आणि बाहेरची हवा थेट छातीत. फार खोल गेलं तर हवेला बाहेर पडायला जास्त जोर लागतो. ग्लासच्या तळापर्यंत स्ट्रॉ घालून फुंकून पाहा, फरक लगेच कळेल.

२. किती मिली पाणी भरलं ते पट्टीवर लिहून बाटलीवर चिकटवा. ही पट्टी नसली की सकाळच्या राऊंडला ५०० मिली ड्रेन सांगितलं जातं आणि त्यातलं ३०० मिली आपणच भरलेलं पाणी निघतं.

३. पेशंटकडून येणारी नळी लांब नळीला जोडायची. बाटलीच्या झाकणात दोन नळ्या असतात: पाण्यात बुडलेली लांब आणि पाण्याच्या वर संपणारी आखूड. घाईत आखूडला जोडलं तर सीलच उरत नाही. जोडल्यावर बोटाने पाण्यापासून पेशंटपर्यंतचा मार्ग दाखवा आणि शेजारच्या सिस्टरलाही तपासायला लावा.

४. आखूड नळी हवेला उघडी. तिला टोपण, गाठ, चिकटपट्टी काही नाही.

> तपासा: सक्शन (हवा ओढून घेणारं मशीन) लावलेलं असेल आणि ते बंद करायचं असेल, तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीनची नळी आखूड नळीतून काढून टाका. बंद मशीनला जोडलेली आखूड नळी म्हणजे जवळजवळ बूच लावलेली बाटली. वीज गेली तरी हेच करायचं.

बाटलीऐवजी थोरॅसिक ड्रेनेज बॅग (छातीच्या नळीसाठीची तयार पिशवी) असेल तर पाण्याची रेघ बॅगवरच छापलेली असते. तिथपर्यंत पाणी भरा. लघवीची साधी पिशवी या कामाला चालत नाही. तिच्यात पाण्याचं सील नसतं आणि हवेने ती फुगून बसते.

## टप्पा ३: नळी घालताना मदतनिसाने काय पाहायचं

पेशंट थोडा वर टेकलेला, त्या बाजूचा हात डोक्यामागे. जागा काखेखालच्या सुरक्षित त्रिकोणात: पुढे छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागे पाठीच्या रुंद स्नायूची कड, खाली साधारण स्तनाग्राची आडवी रेषा. स्थूल माणसात आणि स्त्रियांमध्ये स्तनाग्राची रेषा फसवते. तिथे बरगड्या मोजून पाचवी फट गाठावी लागते. या रेषेच्या खाली गेलं तर यकृत किंवा प्लीहा जवळ येते. नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून जाते, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला असतात.

मोठी नळी घालताना स्नायू बोथट आर्टरीने उघडून, बोट आत फिरवून फुप्फुस चिकटलेलं नाही याची खात्री करायची असते. टोकदार ट्रोकार (नळीतून घालायची अणकुचीदार सळई) जोराने ढकलण्याची जुनी सवय मला मुळीच मान्य नाही. त्याने फुप्फुसाला भोक पडतं, कधी हृदयालाही.

नळी आत गेली की तीन गोष्टी मोठ्याने सांगा: नळीत वाफ दिसली का, कॉलम (बाटलीतल्या लांब नळीत चढलेलं पाणी) हलला का, त्वचेपाशी नळीवर किती सेंमीची खूण आहे. तिसरी गोष्ट लगेच केसपेपरवर लिहा. रात्री नळी सरकली की नाही, हे या एका आकड्यावरूनच कळतं.

## टप्पा ४: बांधणी

टाका डॉक्टर घालतील. तुमचं काम त्यानंतरचं.

ड्रेसिंग आटोपशीर ठेवा. मूठभर गॉज आणि छातीभर डायनाप्लास्ट लावलं की ओघळ, सूज, सरकलेली नळी सगळं झाकून जातं आणि पेशंटला खोल श्वासही घेता येत नाही. नळीचा ताण टाक्यावर येऊ नये म्हणून थोडं खाली, कमरेच्या वर, नळीला चिकटपट्टीचा दुसरा आधार द्या. जोडावर पट्टी लावताना मधला पारदर्शक भाग उघडा राहू द्या. आतून काय वाहतंय ते दिसलं पाहिजे.

नळीचा झोला पलंगाखाली लोंबता ठेवू नका. झोल्यात साचलेलं रक्त हवेची वाट अडवतं आणि पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. जास्तीची नळी गादीवर सैल पसरा, तिथून बाटलीपर्यंत सरळ उतार. बाटली छातीच्या पातळीखाली, शक्य तर बरीच खाली, आणि उभी. स्टँड नसेल तर रुंद तळाच्या बादलीत ठेवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागून कलंडणार नाही.

मग एक्स-रे. त्यात नळीवरची पांढरी रेघ शोधा. ती जिथे तुटलेली दिसते तिथे नळीचं शेवटचं भोक असतं, आणि ते बरगड्यांच्या आत असायला हवं. ते स्नायूत राहिलं तर हवा त्वचेखाली पसरते.

## टप्पा ५: बाटली वाचणं

बहुतेक चुका याच टप्प्यात होतात, कारण बाटलीकडे पाहणं म्हणजे आकडा लिहिणं असा समज आहे. आधी पेशंटकडे पाहा: श्वासाचा वेग, ऑक्सिजन, नाडी, बीपी, चेहरा. मग बाटली. मग नळी, बाटलीपासून छातीपर्यंत बोट फिरवत.

कॉलम हलतो का? स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये श्वास आत घेताना लांब नळीतलं पाणी वर चढतं, सोडताना उतरतं. व्हेंटिलेटरवर हे उलटं दिसतं. हालचाल म्हणजे नळी आणि छाती यांचा मार्ग मोकळा आहे.

कॉलम थांबला, तर अर्थ दोन टोकांचे: फुप्फुस पूर्ण फुगून नळीला टेकलं आहे किंवा नळी बंद पडली आहे. पहिली बातमी चांगली, दुसरी घातक, आणि बाटलीत दोन्ही सारख्याच दिसतात. फरक पेशंट आणि एक्स-रे सांगतात. सक्शन चालू असेल तर हालचाल दिसत नाही. डॉक्टरांच्या संमतीने क्षणभर सक्शन काढून पाहावं लागतं. नळी घातल्यापासून दोन तासांत कॉलम थांबला आणि पेशंटला धाप आहे, तर 'फुप्फुस फुगलं' असं मानून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. तो नळी घातलेला पेशंट तुमच्याकडे सोपवलेला आहे. पेशंट नळीवरच झोपला आहे का, नळी मुडपली आहे का, गुठळी दिसते का, पाहा आणि डॉक्टरांना कळवा.

बुडबुडे येतात का? फक्त खोकताना येत असतील तर गळती लहान. प्रत्येक श्वास सोडताना येत असतील तर मध्यम. सतत खळखळ असेल तर गळती मोठी आहे किंवा एखादा जोड सैल आहे. हे ओळखायला नळी छातीजवळ बोटांनी काही सेकंद दाबा. बुडबुडे थांबले तर गळती फुप्फुसातून किंवा जखमेच्या कडेने आहे. चालूच राहिले तर दाबलेल्या जागेच्या पुढे, बाटलीच्या बाजूला कुठेतरी. तसं थोडं-थोडं खाली सरकत दाबत जा, सैल जोड सापडतो. बोटं लगेच सोडायची.

पेशंटची मान, छाती, डोळ्यांच्या कडा हाताने दाबून पाहा. त्वचेखाली चरचर लागली तर हवा पसरते आहे. कड मार्करने आखून वेळ लिहा, म्हणजे दोन तासांनी वाढ मोजता येते. आवाज बदलला किंवा गिळताना त्रास झाला तर थांबायचं नाही, कळवायचं.

> धोक्याची खूण: जोरात येणारे बुडबुडे अचानक थांबले आणि पेशंट घाबराघुबरा झाला, तर गळती भरली असं समजू नका. आधी नळी बंद पडली आहे असं धरून चाला.

## टप्पा ६: मोजणी

सुरुवातीच्या तासांत दर १५ मिनिटांनी, मग तासाला, स्थिर झाल्यावर शिफ्टप्रमाणे. नेमका क्रम तुमच्या युनिटचा. बाटलीवर उभी पट्टी लावून दर वेळी रेघ आणि वेळ टाका. वाचताना डोळा पातळीच्या समोर हवा. भरलेलं पाणी वजा करा. रंग लिहा: लाल, गुलाबी, पिवळसर, पू, दुधासारखा. जेवण सुरू केल्यावर पांढरट दूध दिसू लागलं तर छातीतल्या लसिकावाहिनीला इजा झाली असण्याची शक्यता असते. ते सर्जनला त्याच वेळी कळायला हवं.

नळी घातल्याबरोबर १५०० मिली रक्त आलं किंवा पुढे २ ते ४ तास ताशी २०० मिली येत राहिलं, तर हा छाती उघडण्याचा विचार करण्याचा आकडा आहे. इथेही हात आर्टरीकडे जातो: 'रक्त थांबवूया.' क्लॅम्पने, म्हणजे आर्टरी लावून नळी बंद केल्याने, रक्त थांबत नाही, ते छातीत साठतं आणि फुप्फुस दाबतं. सर्जन, रक्तपेढी, ओटी यांना फोन, नळी उघडीच.

उलट प्रकारही तितकाच फसवा. ताशी १५० मिली येणारं रक्त एकाएकी शून्यावर आलं आणि नाडी वाढते आहे, तर आनंद मानू नका. गुठळी असते. नळी जोरजोरात पिळून काढण्याची पद्धत सरसकट वापरू नये. त्याने छातीत फार मोठा ऋण दाब तयार होतो आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. दिसणारी गुठळी हलक्या हाताने पुढे सरकवणं वेगळं, तेही युनिटच्या पद्धतीप्रमाणे.

## टप्पा ७: क्लॅम्प कधी

मोजक्याच वेळी: बाटली बदलताना काही सेकंद; गळती शोधताना काही सेकंद; छातीत बरेच दिवस साठलेलं पाणी एकदम उतरू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर; आणि नळी काढण्याआधी काही सर्जन चाचणी घेतात तेव्हा, त्यांच्या लेखी आदेशाने आणि पेशंटजवळ माणूस असताना.

तिसऱ्याचं कारण कळलं पाहिजे. बरेच दिवस पाण्याने दबलेलं फुप्फुस झपाट्याने फुगलं तर त्यातच पाणी भरू शकतं. म्हणून छातीतलं साठलेलं पाणी काढताना एका वेळी साधारण १ ते १.५ लिटरवर थांबतात. पेशंटला खोकल्याची उबळ, छातीत घट्टपणा किंवा धाप लागली तर त्याआधीच.

बुडबुडे येणारी नळी नेण्या-आणण्यासाठी क्लॅम्प करायची नाही. ट्रॉलीवर बाटली पेशंटच्या पायांमध्ये ठेवू नका, ट्रॉलीच्या कडेला खाली अडकवा. वॉर्डातले मामा, एक्स-रेचे टेक्निशियन, सोबतचा नातेवाईक, तिघांनाही निघण्याआधी सांगा: बाटली उभी, छातीखाली, नळी उघडी. बाटली क्षणभरही पेशंटवरून पलीकडे न्यायची नाही. पाणी उलटं छातीत जातं.

## टप्पा ८: बिघडलं तर

नळी बाटलीपासून सुटली: पेशंटकडचं टोक निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत २ सेंमी बुडवा. टोक पुसून नवी जोडणी करा. पेशंटला खोकायला सांगा. खाटेशेजारी पाण्याची एक सीलबंद बाटली कायम ठेवा, ती याचसाठी.

बाटली कलंडली: उभी करा, टोक २ सेंमी बुडालं आहे का पाहा, पेशंटला खोल श्वास घेऊन खोकायला सांगा, पेशंट तपासा.

नळी छातीतून निघाली: ग्लोव्ह घातलेल्या हाताने भोक लगेच दाबा, मदत बोलवा, वर ड्रेसिंग लावून तीन कडा चिकटवा आणि एक मोकळी ठेवा. धाप वाढली तर ड्रेसिंगची कड उचला. निघालेली किंवा अर्धवट सरकलेली नळी परत आत ढकलायची नाही. ती आता निर्जंतुक नाही.

बाटली भरत आली: एका बाटलीच्या पद्धतीत रक्त जमा होईल तसं टोक अधिकाधिक खोल बुडतं आणि हवा निघणं कठीण होतं. काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. नवी बाटली पाणी भरून, पट्टी लावून शेजारी ठेवा. मगच क्लॅम्प, बदल, क्लॅम्प सोडणं. क्लॅम्प निघेपर्यंत हात नळीवरून हलवायचा नाही आणि निघाल्यावर कॉलम हलताना पाहायचा. जुनी नळी आणि बॅग लाल पिशवीत जाते.

## टप्पा ९: दुखणं आणि हालचाल

बरगड्या मोडलेला पेशंट दुखण्यापायी उथळ श्वास घेतो, खोकत नाही, आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. दुखण्याचं औषध वेळेवर द्या, मागेपर्यंत थांबू नका. औषधानंतर अर्ध्या तासाने श्वासाचा व्यायाम, छातीला उशी धरून खोकणं, त्या बाजूचा हात खांद्यापासून वर नेणं. बाटली हातात खाली धरून चालता येतं. 'नळी आहे, हलू नका' हा नातेवाइकांचा सल्ला प्रेमाचा असतो, पण चुकीचा. त्यांना बाटली कशी धरायची ते दाखवा, ते उत्तम मदत करतात.

## टप्पा १०: नळी काढणं

काढण्याआधी चार प्रश्न: एक्स-रेत फुप्फुस फुगलेलं आहे का? खोकल्यावरही २४ तासांत बुडबुडे नाहीत ना? २४ तासांचा ड्रेन साधारण २०० मिलीच्या आत आणि पाणीदार आहे का? पेशंट सक्शनशिवाय ठीक राहिला आहे का? ड्रेनचा आकडा युनिटनुसार बदलतो, बाकीचे प्रश्न बदलत नाहीत.

दोन माणसं लागतात. औषध आधी द्या आणि त्याचा असर होऊ द्या. श्वास रोखण्याची तालीम दोनदा करून घ्या. काही सर्जन पूर्ण श्वास आत घेऊन जोर लावायला सांगतात, काही पूर्ण सोडून रोखायला, दोन्ही चालतं. पेशंट श्वास आत ओढत असताना नळी निघता कामा नये, कारण त्याच क्षणी भोकातून हवा आत जाते. एकाने सलग ओढायचं, दुसऱ्याने त्याच वेळी टाका आवळायचा. वर हवाबंद ड्रेसिंग. नळीचं टोक पूर्ण आलं आहे ना ते पाहून लिहा.

पुढचे काही तास श्वास, ऑक्सिजन आणि त्वचेखालची चरचर पाहत राहा. एक्स-रे त्याच दिवशी. घरी पाठवताना लिहून द्या: अचानक धाप, छातीत कळ, ताप, जखमेतून हवेचा आवाज किंवा पू आला तर लगेच परत यायचं. टाका काढायची तारीख कार्डावर हवी. विमानाचा प्रवास एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. गळतीचं कारण फुप्फुसातलं असेल तर स्कूबा डायव्हिंगबद्दल स्पष्ट विचारून घ्यायला सांगा, आणि विडी-सिगारेट बंद करण्याबद्दल त्याच बैठकीत, बायको-मुलांसमोर बोला.